साठ माणसं, एक वही आणि फरार हेन्री एव्हरी

डिटेक्टिव्ह गेम म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं मला खेळवत नाही. खोलीत पाऊल टाकलं की कामाची वस्तू आपोआप चमकायला लागते. तिच्यावर क्लिक केलं की हिरो स्वतःच सांगून टाकतो, हा रक्ताचा डाग, हा बुटाचा ठसा, आता चला त्या जहाजमालकाकडे. खेळणाऱ्याने करायचं काय, तर या खोलीतून त्या खोलीत जायचं. तपास गेमने केला, पायपीट आपण केली.

म्हणून ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’वर सविस्तर लिहायचं होतं. हा गेम २०१८च्या ऑक्टोबरमधे आला. मी तो बऱ्याच उशिरा खेळले आणि एकटीने खेळले नाही. सोबत अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या पोलीस ठाण्यांत त्यांची नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं रायटर म्हणून. घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, मुद्देमालाची यादी, हे सगळं कागदावर उतरवायचं काम त्यांचं. मी परभणीत कॉम्प्युटरचे क्लास घेते. संध्याकाळची शेवटची बॅच सुटली की घरी येऊन लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, अण्णा दिवाणावर, मी खाली सतरंजीवर. माउस माझ्या हातात, वही त्यांच्या.

आता गेमबद्दल. १८०२ साली ओब्रा डिन नावाचं व्यापारी जहाज दोनशे टनांहून जास्त माल घेऊन लंडनहून पूर्वेकडे निघालं. सहा महिन्यांनी केप ऑफ गुड होपला पोचायचं होतं, पोचलं नाही. बुडालं असं धरून चालले. आणि १८०७च्या ऑक्टोबरमधे एका सकाळी तेच जहाज इंग्लंडातल्या फालमथ बंदरात आपसूक येऊन लागलं. शिडं फाटलेली, जहाजावर कुणी दिसत नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीतले विम्याचे तपासनीस. जहाजावर चढायचं आणि नुकसानीचा अहवाल करायचा.

हातात दोन गोष्टी मिळतात. एक पुस्तक, ज्यात जहाजाचा नकाशा, माणसांची यादी आणि जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली सगळ्यांची रेखाटनं आहेत. दुसरं एक खिशातलं घड्याळ. प्रेताजवळ किंवा हाडांजवळ जाऊन ते उघडलं की आधी पडदा काळा होतो आणि मरणाच्या अगोदरचे काही क्षण नुसते कानाला ऐकू येतात. मग मरणाचा तो एक क्षण गोठून समोर उभा राहतो. त्याच्यात आपण फिरू शकतो. वाकून बघायचं, मागं जाऊन बघायचं, लांब दोरखंडाला लटकलेला माणूस कोण तेही बघायचं. कुणी काही सांगत नाही. यादीत साठ माणसं. प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी लिहायच्या: हा कोण, याचं काय झालं, आणि कुणी केलं.

अण्णांनी हे ऐकलं आणि वहीत तीन रकाने आखले. मयताचे नाव, मृत्यूचे कारण, आरोपी. मी त्यांना काही समजावून सांगायची गरजच उरली नाही.

पहिलं प्रेत कॅप्टनच्या केबिनच्या दारापाशी आहे. घड्याळ उघडलं, पडदा काळा झाला, आणि काही माणसं दार उघडायला सांगत कॅप्टनला हाका मारू लागली. मग दार उघडतं, गोळी सुटते, एक जण कोसळतोय. मी लगेच गोळी मारणाऱ्याच्या तोंडावर क्लिक करून ‘कॅप्टन’ असं नोंदवायला गेले.

“थांब बाई. कोण सांगितलं तो कॅप्टन आहे म्हणून?”

“हे बाहेरचे त्याला कॅप्टन म्हणून हाका मारायलेत ना, अण्णा.”

“हाका दाराला मारायलेत. दारातून जो निघाला तो कॅप्टनच कशावरून? अजून कुणी बघितलं का, कुणी त्याच्या तोंडाकडं बघून नाव घेतलं का? नसंल तर पेन्सिलनं लिव, पेनानं नको.”

त्या वहीत शेवटपर्यंत हेच चाललं. खात्री नसलेलं पेन्सिलीनं, खात्री झालेलं पेनानं. गेमसुद्धा असाच चालतो. तुम्ही एकेक नाव लिहिलंत तर तो चूक की बरोबर ते सांगत नाही. तीन माणसांचं सगळं अचूक जुळलं की मगच ती तिन्ही नावं छापील होऊन पक्की होतात. त्यामुळं अंदाजपंचे दाहोदर्से करून पुढं सरकता येत नाही. एक पक्कं, दुसरं पक्कं आणि तिसऱ्यावर थोडाफार नशिबाचा हात चालतो, त्यापलीकडं नाही. गेम बनवणाऱ्याने खेळणाऱ्यावर एवढा विश्वास टाकलेला मी दुसरीकडे क्वचित पाहिलाय.

अण्णांना इंग्रजी संवाद भरभर कळत नव्हते. ते मी सांगायची. पण बघायचं काम त्यांचं, आणि ते बघतात कसं हे मला या वयात पहिल्यांदा जवळून दिसलं. माणूस मेलेला आहे त्याच्याकडं ते शेवटी बघायचे. आधी बाकीचे कुठं उभे आहेत, कुणाची पाठ आहे, कुणाच्या हातात काय आहे, कोण पळतोय आणि कोण पळत नाही. “मयत कुठं जायला नाही,” म्हणायचे, “बाकीच्यांकडं बघ आधी.”

एक खूण इथं फोडते. बाकीच्या सांगणार नाही. एका दृश्यात खालच्या मजल्यावर खलाशी झोळ्यांमधे झोपलेले आहेत. अंधार, दाटीवाटी, कुणाचं तोंड झाकलेलं, कुणाचा नुसता पाय बाहेर. मी तिथून दोनदा येऊन-जाऊन काही न मिळता निघाले होते. अण्णा म्हणाले, टीव्हीजवळ नेऊन दाखव. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. प्रत्येक झोळीला एक बारीक चकती, चकतीवर आकडा. “यादी काढ.” पुस्तकातल्या यादीत प्रत्येक नावाआधी अनुक्रमांक आहेच, तो आम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत होता. झोळीवरचा आकडा आणि यादीतला आकडा एकच. पोलिसात शिपायाला नावाच्या आधी बकल नंबर असतो, त्यामुळं अण्णांना ते सुचलं. एका झटक्यात बऱ्याच पेन्सिलच्या नावांवर पेन फिरला. आई स्वयंपाकघरातून विचारायला लागली, काय झालं, मॅच जिंकली का.

हे सगळं दोन रंगांत आहे. काळा आणि पांढरा, मधे राखाडीसुद्धा नाही. सुरुवातीला पर्याय मिळतो की कोणत्या जुन्या मॉनिटरसारखं दिसू दे: मॅकिंटॉश, आयबीएम ५१५१, कमोडोर १०८४ असे. आम्ही आयबीएमचा हिरवा ठेवला होता, कारण मी शिकले तेव्हा आमच्या मास्तरांच्या क्लासमधे एक तसला मॉनिटर होता आणि तो रंग मला आवडतो.

रेट्रो म्हणजे जुनं दिसणारं, एवढ्यावर बरेच गेमवाले थांबतात. मोठाले चौकोनी ठिपके, टिंगटिंग संगीत, झालं. इथं तसं नाही. आतलं जहाज पूर्ण त्रिमितीय आहे, त्यात कुठंही हिंडता येतं, आणि ते दाखवायला मात्र दोनच रंग. सावली दाखवायची तर ठिपके दाट, उजेड दाखवायचा तर विरळ. अडचण अशी की आपण मान वळवली की हे ठिपके पडद्यावर मुंग्यांसारखे वळवळायला लागतात आणि डोळे दुखतात. लुकास पोप या माणसाने हा गेम जवळपास एकट्याने, चारेक वर्षं खपून बनवला. त्याने ठिपक्यांची जाळी पडद्यावर न ठेवता बघणाऱ्याभोवतीच्या एका काल्पनिक गोलावर चिकटवली. मान वळली की जाळी दृश्यासोबतच वळते, ठिपके जागेवर राहतात. माझ्या क्लासमधल्या प्रोग्रॅमिंगच्या मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवलं. त्यांना फार आवडलं, कारण गणित शाळेचंच आहे.

आणि दोन रंगांचा तपासाला फायदा होतो. रक्त लाल दिसत नाही. सोन्याची साखळी पिवळी दिसत नाही. नजर आपोआप कशाकडेच खेचली जात नाही, तुम्हालाच ठरवून बघावं लागतं.

कथा पुढं कुठं जाते ते लिहीत नाही. ती फार लांब जाते. पण जे मनात राहिलं ते सांगते. ओब्रा डिनच्या यादीत हिंदुस्थानातून आलेले खलाशीही आहेत. अधिकाऱ्यांच्या भांडणात त्यांना काही स्थान नाही, संवादही फारसे नाहीत. तरी पुस्तकात त्यांना कॅप्टनइतकीच जागा आहे. तेच तीन रकाने. ते भरल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही. एखाद्या खलाशाचं नाव लावायला आम्हाला कॅप्टनपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, कारण त्याच्याबद्दल कुणी मोठ्याने बोलतच नाही. तो कुणाशेजारी बसतो, कुणाच्या आजारपणात जवळ उभा असतो, यावरून त्याला शोधावं लागतं. त्याचं नाव पक्कं झालं तेव्हा अण्णा म्हणाले, “घ्या, ह्याच्या घरी आता कळवता यील.” गेममधला माणूस आहे हे त्यांना माहीत होतं. सवयीने बोलून गेले.

इथून पुढं मला चाच्यांबद्दल बोलायचंय.

समुद्री चाच्यांचे गेम मी आधीही खेळलेत. १९९० सालचा ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ जुने गेम चालवणाऱ्या स्कम-व्हीएम या प्रोग्रॅमवर टाकून खेळले. त्यात तलवारीची लढाई टोमण्यांनी जिंकायची असते, समोरच्याने टोमणा मारला की नेमकं उत्तर द्यायचं. सुंदर कल्पना आहे आणि गेम आजही ताजा वाटतो. पण त्यात आणि चाच्यांच्या बहुतेक गेममधे एक गोष्ट सारखी आहे. चाचे दिसतात, खजिना दिसतो, नकाशा दिसतो. तो खजिना ज्यांच्याकडून लुटला ती माणसं दिसत नाहीत.

ओब्रा डिन संपल्यावर मी अण्णांना गंज-ए-सवाईची गोष्ट सांगितली. त्यांनी औरंगजेबाची कबर खुलताबादला पाहिलेली, देवगिरी-वेरूळच्या बंदोबस्ताला जाताना किती वेळा तिथून गेलेले. पण हे प्रकरण त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं.

१६९५चा सप्टेंबर. औरंगजेब तेव्हा दक्षिणेतच होता, भीमेकाठी ब्रह्मपुरीच्या छावणीत. त्याचं गंज-ए-सवाई हे जहाज हजचे यात्रेकरू आणि वर्षभराच्या व्यापाराचं सोनं-चांदी घेऊन सुरतेकडे परत येत होतं. मोगल इतिहासकार खाफी खान लिहितो की जहाजावर ८० तोफा आणि ४०० बंदुका होत्या. आणि तरी हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने ‘फॅन्सी’ या त्याच्या जहाजावरून ते धरलं. गंज-ए-सवाईवरची एक तोफ उडवताना फुटली आणि आपलीच माणसं मेली. डोलकाठी मोडली. नाखवा इब्राहिम खान तळघरात पळाला, तिथल्या दासींच्या डोक्याला फेटे बांधले आणि त्यांना लढायला वर ढकललं, असं खाफी खानाने लिहून ठेवलंय. मग काही दिवस लूट चालली. पुरुषांचे हाल केले, बायकांवर अत्याचार झाले. काही बायकांनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी खंजीर पोटात खुपसून घेतले.

अण्णा हे ऐकताना वहीत काही लिहीत नव्हते. नंतर विचारलं, “किती बाया?”

आकडा कुठंच नाही.

एव्हरीच्या बाजूचे कागद मात्र भरपूर आहेत. जॉन डॅन नावाचा त्याचा एक साथीदार १६९६ साली रॉचेस्टरला सापडला, कारण सरायीतल्या मोलकरणीला त्याचा कोट उचलताना जड लागला. कोटाच्या अस्तरात हजार पौंडांहून जास्त किमतीची सोन्याची नाणी शिवलेली होती. त्याचा जबाब झाला. फिलिप मिडलटन नावाच्या पोऱ्याचा जबाब झाला. कुणाच्या वाट्याला किती आलं ते त्याने सांगितलं, आणि आपल्या वाट्याचे शंभरावर पौंड जॉन स्पार्क्सने चोरले हेही सांगितलं. लंडनला खटला उभा राहिला. सुरतेच्या जहाजाच्या लुटीबद्दल ज्युरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं. सरकारची अडचण झाली, कारण इकडे बादशहाने इंग्रजांच्या वखारी बंद करून त्यांचे लोक कैदेत टाकले होते. मग त्याच माणसांवर दुसरा खटला भरला: ‘फॅन्सी’ हे मुळात ‘चार्ल्स द सेकंड’ नावाचं जहाज, ते १६९४ साली स्पेनच्या ला कोरुन्या बंदरातून बंड करून पळवलं, त्याचा. त्यात दोषी ठरले आणि १६९६च्या नोव्हेंबरमधे पाच जण फासावर गेले. स्पार्क्स त्यातलाच. हिंदुस्थानातल्या लोकांवर आपण जे केलं त्यासाठी हे मरण योग्यच आहे, असं तो मरण्याआधी बोलल्याची नोंद आहे.

एव्हरी सापडला नाही. बहामात ब्रिजमन नाव लावून राहिला, तिथल्या गव्हर्नरला लाच देऊन निघाला, आयर्लंडला उतरला, आणि तिथून पुढं काही नाही. आधी ५०० पौंडांचं बक्षीस होतं, मग १,००० झालं. आजतागायत पत्ता नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या एका फळबागेत १६९३ साली येमेनात पाडलेलं चांदीचं नाणं सापडलं. त्याच्या लोकांनी ते तिकडं नेलं असावं असं काही जण मानतात.

अण्णांचं आणि माझं इथं भांडण झालं. मी म्हणाले, हे म्हणजे अ समरी झालं, गुन्हा खरा पण तपास लागला नाही. ते म्हणाले, मुळीच नाही. आरोपी कोण ते माहीत आहे, नाव आहे, गाव आहे, साथीदारांचे जबाब आहेत. अ समरी कशी होईल? दोषारोपपत्र जाईल आणि एव्हरी त्यात फरारी आरोपी म्हणून दाखवला जाईल. केस जिवंत राहते. “फरार माणसाची केस बंद करायची नसती, बाई.”

मग त्यांनी मूळ मुद्द्यावर बोट ठेवलं. आरोपींची नावं आहेत, नाण्यांचा हिशेब आहे, मयतांची यादी कुठाय?

आणि ती नाही. खाफी खानाने लूट ५२ लाख रुपयांची सांगितली. कंपनी म्हणाली सव्वातीन लाख पौंड, बादशहाची माणसं म्हणाली सहा लाख. मालाच्या किमतीवर एवढी घासाघीस झाली. उडी घेतलेल्या एकाही बाईचं नाव मला कुठं मिळालेलं नाही. उलट लंडनच्या रस्त्यावर पुढं ज्या गोष्टी आणि नाटकं खपली, त्यांत बादशहाची देखणी मुलगी एव्हरीच्या प्रेमात पडून मादागास्करला त्याची राणी झाली. अत्याचाराचं लग्न करून टाकलं. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही.

एक गोष्ट मधेच सांगायला हवी, कारण लोक लगेच विचारतात. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्र्यांनाही चाचा म्हटलेलं आहे. ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, स्वतःच्या किनाऱ्यावर दस्तक (परवाना) नसलेली जहाजं अडवत होते. एव्हरीची गोष्ट त्यात मिसळू नये.

तर, गंज-ए-सवाईचा गेम कुणीतरी करावा, आणि तो मराठीत, आमच्याकडच्यांनी करावा असं मला मनापासून वाटतं. समुद्र आमच्यापासून लांब आहे हे खरं. पण अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ नावाच्या टिपणात पैठण आणि तेरचा माल भडोचला उतरतो असं लिहिलंय, त्याच टिपणात खालच्या किनाऱ्यावर चाचे असतात हेही लिहिलंय. पैठणचा व्यापारी चाच्यांना भीत होता तेव्हा लंडन नावारूपालाही आलेलं नव्हतं. आणि ज्या बादशहाच्या जहाजावर हे सगळं झालं, तो इथंच पुरलाय.

गेम कसा असावा ते डोक्यात बऱ्यापैकी बसलंय. लुटलेलं जहाज खरोखरच सुरतेला पोचलं होतं, वाचलेली माणसं घेऊन. तिथून सुरुवात. आपण बंदरावरचा एक कारकून. काम मिळतं मालाच्या नुकसानीची यादी करायचं, जसं ओब्रा डिनमधे मिळतं. धक्क्यावर वाचलेले बसलेत, कुणी बोलतंय, कुणी बोलत नाही. घड्याळासारखी जादू नको. जबाब हवेत, आणि जबाब एकमेकांशी जुळू नयेत. नाखवा म्हणेल मी लढलो. त्याच्या दासी वेगळं सांगतील, त्यांतली एखादी सांगणारच नाही, तिच्या डोक्याला अजून पुरुषी फेटा कसा हे आपल्यालाच बघावं लागेल. डोलकाठी कुठून मोडलीय, तोफ आतून फुटली की बाहेरून मार बसला, हे जहाजावर फिरून ताडायचं. मधे मधे इंग्लंडातले जबाब यावेत, डॅनचा कोट, मिडलटनचे गेलेले पैसे. तोच प्रसंग दोन्ही बाजूंनी.

रंग दोनच. काळा आणि चंदेरी, बिदरी कामातला. बिदरीचे कारागीर संभाजीनगरातही आहेत. एखाद्या सुरईकडे दिव्याच्या उजेडात बघितलं की लक्षात येतं, काळ्यावर चांदीची बारीक रेघ किती दाखवू शकते.

एव्हरी गेममधे सापडू नये. त्याला शोधणं हे कामच नसावं. खेळणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहील की आता त्याचा पत्ता लागेल, आणि पुस्तकात त्याच्यासाठी एक ओळ असेल: फरार. बाकी सगळी पानं यात्रेकरूंची.

यावर अण्णांची हरकत आहे आणि ती मला अजून पूर्ण मोडून काढता आलेली नाही. ते म्हणतात, नावं मिळालेली नाहीत तर तू लिहिणार कुठून? तपासात मयताला नाव बनवून देता येत नाही. माझं म्हणणं, ओब्रा डिनमधली साठही नावं कल्पनेतली आहेत आणि तरी आपण ती खरी मानून शोधली. ते म्हणतात, ते जहाजच कल्पनेतलं आहे, हे खरं होतं. खऱ्या मेलेल्या बाईला खोटं नाव लावणं त्यांना पटत नाही. त्यांनी नोकरीत बेवारस प्रेतांचे पंचनामे केलेत, कितीतरी. त्यांना माहीत आहे ते काय असतं.

सध्या मधला रस्ता असा निघालाय. ज्यांची नावं कागदांत आहेत, म्हणजे नाखवा, चाचे, कंपनीचे लोक, ती तशीच. यात्रेकरूंना नावं द्यायचीच नाहीत. ओळख द्यायची. अण्णांनी ठाण्यातल्या पद्धतीने तक्ता आखून दिलाय: अंदाजे वय, बांधा, अंगावरचे कपडे, दागिने, ओळखीची खूण, सोबत कोण होतं, शेवटचं कुणी पाहिलं. खेळणाऱ्याने हे सगळे रकाने भरायचे. बुऱ्हाणपूरची म्हातारी, हातावर मेंदी अजून ओली असलेली नवी नवरी, मुलाला पाठीशी बांधलेली बाई. तिघींचं अचूक भरलं की तीन पानं पक्की. नावाच्या रकान्यात काय लिहायचं हे अजून ठरलेलं नाही. अण्णा म्हणतात ‘अनोळखी’ लिहा, कायद्याने तेच बरोबर. मला तो रकानाच काढून टाकावासा वाटतो. ते ऐकायला तयार नाहीत, कारण रकाना काढला तर पुढं कधी नाव मिळालं तर लिहायचं कुठं.

कोडिंगचं मी बघते. क्लासमधली दोन मुलं तयार आहेत, ठिपक्यांच्या जाळीचा पहिला प्रयोग त्यांनी केलाय आणि जहाजाचा नुसता सांगाडा पडद्यावर फिरवता येतो. चित्रं काढणारं कुणी हवंय, बिदरीची नक्षी जवळून पाहिलेलं असेल तर उत्तम. फारसी वाचता येणारं कुणी हवंय, खाफी खान मी इंग्रजीतूनच वाचलाय आणि तेवढ्यावर विसंबायचं नाही. आणि जुन्या जहाजांच्या बांधणीची माहिती असलेलं कोकणातलं कुणी असेल तर त्यांनी जरूर कळवावं. डोलकाठी नेमकी कुठं मोडली की जहाज चालायचं थांबतं, हे अण्णांना मोजमापासकट हवंय, त्याशिवाय ते पंचनाम्याचं पहिलं पान लिहायला घेत नाहीत.